ओल्या अंगाचं मत

"कोरड्या माणसानं टॉवेलावर मत देऊ नये."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अण्णांनी हे मला ऐकवलं. मी हातात एक नमुना घेऊन "छान मऊ आहे" एवढंच म्हणाले होते. त्यांनी टेबलाखालची बादली पायाने पुढे सरकवली आणि म्हणाले, "हात घाल. कोपरापर्यंत. मग बोल." मला वाटलं, नव्या मुलीची थट्टा चालली आहे. मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी मी नवीन ड्रेसची बाही वर सारून हात बुडवला, टॉवेलाने पुसला, आणि माझा मऊ टॉवेल पाणी टिपायचं सोडून नुसतं इकडून तिकडे फिरवत बसला. "आता?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, "आता नाही छान." "हां. आता तू कामाची झालीस," असं म्हणून ते जेवायला बसले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

आमची कंपनी सोलापुरात टॉवेल विणून परदेशी पाठवते. निर्यात विभाग म्हणजे एक खोली, चार टेबलं आणि चार माणसं, आणि त्यांतले प्रमुख अण्णा. घरचे तेलुगू, तीन पिढ्या मागाच्या खडखडाटात काढलेल्या. तरुणपणी ते स्वतःही मागावर उभे राहिलेले, त्यामुळे डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. उजवा कान बरा होता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाप्रमाणे ते मोठ्याने बोलत आणि त्याहून मोठ्याने जेवत. डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी आमच्याकडे सगळेच खातात, पण अण्णा ती खाऊ लागले की फोनवर असलेला माणूस पलीकडून विचारायचा, "तिकडे काही तोडफोड चाललीय का?" मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, जरा हळू चावा की." ते म्हणाले, "अगं अम्मा, ही एकच गोष्ट मला आतून ऐकू येती. तीबी बंद करू का?" त्यानंतर मी कधी काही बोलले नाही. फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायची.

मला ते अम्मा म्हणत. माझ्या आईच्या वयाच्या बायकांनाही अम्मा आणि चार वर्षांच्या पोरीलाही अम्मा. चिडले की मात्र "ओ मॅडम".

मुंबईचा एक एजंट एकदा आला होता. कोट, टाय, हातात दोन फोन. दोन बोटांत टॉवेलाचा कोपरा धरून त्याने नाक मुरडलं. अण्णा उठले, तांब्या भरून आणला आणि काही कळायच्या आत कोटाच्या बाहीसकट त्याच्या हातावर ओतला. "आता सांगा," म्हणाले. एजंट लालबुंद झाला, मग निरुपायाने त्याने त्याच टॉवेलाने हात पुसला, पुन्हा पुसला, टॉवेल उलटून बघितला. ऑर्डर देऊन गेला. मालकांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावून झापलं ते झापलंच, पण बादली हलवा असं काही म्हणाले नाहीत.

बादलीने फार तर हात ओला होतो. अख्ख्या अंगाची परीक्षा रविवारी असे. अक्कलकोट रस्त्याला त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची बांधीव विहीर होती, गोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. दर रविवारी सकाळी अण्णा स्कूटरवर मागे अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बसवून आणि पायापाशी नव्या नमुन्यांची पिशवी ठेवून तिकडे जात. विहिरीत उतरायचं, मनसोक्त पोहायचं, बाहेर येऊन एका टॉवेलाने अंग पुसायचं. पुन्हा उडी, पुन्हा दुसरा टॉवेल. वापरलेले टॉवेल तिथेच शेतावर राहत. त्या शेतातली म्हैससुद्धा निर्यातीच्या टॉवेलाने अंग पुसून घेत असे. शेतमालकीण मावशी मला पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "तुमी बी त्येंच्याच कंपनीतल्या व्हय? लई येडा हाय बगा तुमचा सायेब. पर टावेल लई चांगला."

विभागातल्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, हा अण्णांचा नियम. कंपनीचा नाही, अण्णांचा. "समुद्रावरच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा आणि पाण्याला भ्यायचं, हे कसं चालंल?" मी पाण्याला भीत होते. टाळायला जमेल तेवढं टाळलं, सर्दी झाली, पाहुणे आले, घरचे नको म्हणतात. त्यावर अण्णा अक्कांना घेऊन थेट आमच्या घरी आले आणि आईसमोर बसून म्हणाले, "मी पाण्यात, ही माझी बायको काठावर, आणि तुमची मुलगी सलवार-कमीजमध्ये. अजून काय पाहिजे?" आईला अक्का आवडल्या. माझा निरुपाय झाला.

रंगखात्यातला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधून अण्णांनी मला पाण्यात सोडलं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकतात ते असंच, काहीतरी तरंगणारं पाठीला बांधून. मी किंचाळले. विहिरीने किंकाळी परत पाठवली. अक्का वरून म्हणाल्या, "ओरडू दे तिला, आत्ताच ओरडून घेऊ दे." पाय टेकायला विहिरीत जागा नसते. पाय खाली सोडून बघण्यात अर्थच नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात अंगाला कळतं आणि मग अंग तो नादच सोडतं. दोन-तीन महिन्यांत कॅन सुटला. मी भिंतीच्या कडेकडेने गोल चकरा मारू लागले. मात्र भिंत हाताच्या अंतरावर ठेवायची आणि तोंड भिंतीकडे करायचं. मधलं काळंहिरवं पाणी मी कधी बघितलंच नाही.

"काय बघायलीस?" अण्णा ओरडायचे. "दगड?"

"भिंत, अण्णा."

"भिंत काय बघायची! भिंत वरून बी दिसती. पाणी मध्ये हाय, पाणी बघ."

मी नाही बघितलं.

याच काळात ते बेट आलं. कॅरेबियन समुद्रातलं एक एवढंसं बेट, नकाशात शोधायला गेलं तर बोटाच्या नखाखाली झाकलं जाईल असं. तिथल्या एका हॉटेलने किनाऱ्यावर वापरायचे मोठे टॉवेल आमच्याकडून घ्यायला सुरुवात केली. हॉटेलची मालकीण स्वतः मेल लिहायची. अण्णांनी मोजमाप, रंग, वजन सगळं विचारून झाल्यावर शेवटी त्यांच्या इंग्रजीत एक प्रश्न टाकला. टॉवेलाच्या आधी तुमची माणसं नेमकं काय करतात? आम्ही तिघांनी कपाळाला हात लावला. पण बाईने अगदी मनापासून उत्तर दिलं. पाहुणे डोळे आणि नाक झाकणारी काच चढवतात, तोंडात नळी धरतात, पाण्यावर पालथे पडून खालचं पोवळं आणि मासे बघत बेटाभोवती पोहतात. बेट इतकं लहान आहे की न्याहारी करून निघालं तर जेवणाच्या आत पूर्ण प्रदक्षिणा होते. पुढच्या वेळी परत आलेल्या नमुन्यांबरोबर तिने एक काच आणि नळीही पाठवून दिली.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. काच लावून, नळी तोंडात धरून खुर्चीवर बसून राहिले. मालक आत डोकावले आणि काही न बोलता परत गेले.

पुढच्या रविवारपासून विहिरीत नळी सुरू झाली. पाण्यावर नुसती नळी फिरताना बघून मावशी पहिल्या दिवशी घाबरल्या. "आवो अक्का, सायेब बुडालं की काय?" अक्का शेंगा सोलत म्हणाल्या, "नाही, सायेब परदेशात गेलेत." अण्णा तासन्‌तास पालथे पडून विहीर न्याहाळत. तिच्या तळात एक म्हातारं कासव होतं, कपारीत बारके मासे होते, आणि कुणाची तरी कधीची पडलेली कळशी होती. या तिघांची ख्यालीखुशाली सोमवारी ऑफिसला कळे. मला काचेत शिरलेलं पाणी कसं काढायचं ते त्यांनी तेव्हाच शिकवलं. वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने जोरात फुंकायचं.

एकदा पायरीवर बसून चटणी-भाकरी खाताना ते म्हणाले, "अम्मा, मी एक विचार केला. विहीर उलटी केली की बेट होतं."

"म्हणजे?"

"हितं कडंला जमीन, मध्ये पाणी. तितं मध्ये जमीन, कडंला पाणी. मी इतकी वर्षं आतून गोल फिरलो. आता एकदा बाहेरून फिरायचं. एकच चक्कर. बास."

त्या माणसाने आयुष्यात कंपनीकडे काही मागितलं नव्हतं. पगारवाढसुद्धा मालकांनी आठवणीने द्यायची. पण या एका चकरेसाठी त्यांनी सगळं केलं. पासपोर्ट काढला. पोहण्याचा दम वाढावा म्हणून चहा सोडला. आणि कधी नव्हे ते मालकांच्या मागे लागले. योगायोगाने त्याच सुमारास हॉटेलवाल्या बाईंची तक्रार आली, नवे टॉवेल पाणी टिपत नाहीत. आमच्या बादलीत तर टिपत होते. कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं असं ठरलं, आणि कुणी जायचं हे विचारायचीही गरज नव्हती. व्हिसा झाला. अक्कांनी कडक भाकऱ्या करून प्रवासासाठी डब्यात भरायला घेतल्या. आमची खोली तर लग्नघर झाली होती.

आणि अण्णांचा उजवा कान वाहू लागला. डॉक्टरांनी पडद्याला भोक आहे म्हणून सांगितलं. एवढा एकच कान कामाचा. त्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. पोहणं बंद, विहीर बंद. अण्णांनी विचारलं, "आणि समुद्र?" डॉक्टर म्हणाले, "समुद्र म्हणजे पाणीच ना?"

मी अण्णांना तसं कधी बघितलं नव्हतं. बादलीकडे नुसतं बघत बसायचे. मी समजूत घालायला गेले. म्हटलं, "अण्णा, पोहू नका, पण जा तर खरं. बोटीतून बघा, किनाऱ्यावर बसा. बेट तर दिसेल."

"कोरड्यानं?"

मी बादली पायाने मागे सारली.

"कोरड्या माणसानं मत देऊ नये, हे कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणता."

"मग? स्वतःवर वेळ आली की नियम बदलू का, ओ मॅडम?" मग त्यांचा आवाज खाली आला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "तू जा. टॉवेलाचं बघ. आणि माझी चक्कर मारून ये."

मला नाही म्हणायचं होतं. समुद्रात, बेटाभोवती, मी? विहिरीच्या भिंतीवरून जिची नजर हटत नाही ती? पण समोर बसलेल्या माणसाची सगळी वर्षं त्या एका चकरेत अडकली होती आणि ती आता माझ्याशिवाय कुणी मारणार नव्हतं. मी हो म्हटलं. अण्णांनी काच आणि नळी धुऊन, आमच्याच टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. एकच गोष्ट सांगितली.

"विहिरीत भीती मध्ये असती, तू भिंतीकडं बघून काम भागवलंस. बेटाला भीती बाहेरच्या अंगाला. मान आपोआप जमिनीकडं वळंल. वळू देऊ नको. बाहेर बघ."

बेट खरोखरच एवढंसं होतं. पाण्याचा रंग मी सांगणार नाही, आमच्या रंगखात्याला तो कधी जमलेला नाही. आम्ही आठ-दहा पाहुणे आणि बरोबर तिथलाच एक धिप्पाड वाटाड्या. त्याने निघताना बजावलं की पोवळं जिवंत असतं, त्यावर पाय ठेवलात तर ते मरतं, काही झालं तरी उभं राहू नका. दहा मिनिटांत तिघं उभे राहिले. घाबरलं की माणूस आधी जमीन शोधतो. वाटाड्या त्यांच्यावर ओरडून थकला, मग माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं की तुम्ही एकदाही पाय खाली सोडला नाहीत, कुठे शिकलात? मी सांगितलं, विहिरीत. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मला मात्र त्या कॅनसकट अख्खी विहीर आठवली आणि अण्णांची इतकी आठवण आली की काचेत पाणी बाहेरून आलं की आतून ते कळेना.

बेट डाव्या हाताला ठेवून मी निघाले होते. आणि अण्णा म्हणाले होते तसंच झालं. मान डावीकडे. पांढरी वाळू, झाडांची मुळं, कुणाची तरी उलटी टाकलेली होडी. अर्धं बेट मी असंच जमिनीकडे बघत काढलं. चांगलं पोहत होते, पण चक्कर अण्णांची होती आणि मी पुन्हा भिंत बघत होते. बेटाच्या मागच्या अंगाला पोचल्यावर लाटा थोड्या वाढल्या. तिथे मी मनातल्या मनात "काय बघायलीस?" असं ऐकलं, आणि मान उजवीकडे फिरवली.

तळ संपला होता. पोवळ्याचा उतार खाली खाली जात होता आणि त्याच्या पुढे नुसतं निळं. नळीतून माझाच श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. पाय खाली सोडायची सोय नव्हती, ती सवयही नव्हती. मी बघत राहिले. हळूहळू श्वास शांत झाला, आणि तो शांत झाला म्हणून दुसरा आवाज ऐकू आला.

कर्रम कुर्रम. कर्रम कुर्रम.

मला वाटलं कानाला भास होतोय. उतारावर हिरवे-निळे, पोपटासारख्या चोचीचे जाड मासे होते. पाच-पन्नास तरी असतील. दगडासारखं कडक पोवळं ते चोचीने फोडून खात होते, आणि तो आवाज सगळ्या समुद्रात भरला होता. आमच्या ऑफिसात साडेदहाला जो भरतो, अगदी तोच. हजारो मैल लांब, पाण्याखाली, कुणीतरी जोरजोरात कडक भाकरी खात होतं. मी नळी तोंडात असतानाच हसले, खारट पाणी आत गेलं, खोकले, काच भरली. वरची कड दाबली, नाकाने फुंकलं. आणि मग उरलेलं बेट बाहेर बघत पूर्ण केलं, अगदी जिथून निघाले होते त्या दगडाला हात लावून.

बाहेर आल्यावर हॉटेलचा टॉवेल घेतला आणि ओल्या अंगाने पुसायला लागले. पाणी टिपायचं सोडून टॉवेल ते नुसतं फिरवत होता, माझ्या पहिल्या दिवसासारखं. मी सरळ त्यांच्या धुलाईखान्यात गेले. टॉवेल मऊ राहावेत म्हणून दर धुण्याला कपडे मऊ करायचं औषध घालत होते, आणि त्याचा थर धाग्यांवर बसला होता. ते बंद करायला सांगितलं. दोन-तीन धुण्यांत टॉवेल ताळ्यावर आले. बाई खूश झाल्या, ऑर्डर वाढली, आणि इकडे मालक मला हुशार समजू लागले. आज अण्णांच्या खुर्चीवर मी बसते त्याची सुरुवात तिथे झाली. बादली अजून टेबलाखालीच आहे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी विहिरीवर गेले. अण्णा उजव्या कानात कापसाचा बोळा घालून खालच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात सोडून. तेवढी परवानगी त्यांनी डॉक्टरांकडून भांडून मिळवली होती. अक्का शेजारी डबा घेऊन. मी फोन पुढे केला, फोटो दाखवायला. त्यांनी तो बाजूला सारला.

"फोटो कोरडे असतात. चक्कर झाली का?"

"झाली. पूर्ण."

"बाहेर बघितलं?"

"अर्ध्यापासून बघितलं."

विहिरीतलं म्हातारं कासव तेवढ्यात वर येऊन नाक काढून गेलं. मग अण्णांनी असं काही विचारलं, जे मला वाटेत एकदाही सुचलं नव्हतं. दिसलं काय, हे त्यांनी विचारलंच नाही.

"तितं पाण्यात ऐकू काय येतं गं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. अक्कांच्या मांडीवरच्या डब्यातून एक कडक भाकरी काढली. अण्णांच्या उजव्या कानातला बोळा हळूच काढला, अगदी कानाशी वाकले, आणि जोरात भाकरी चावली.

"हे," मी म्हटलं. "मासे पोवळं खातात. सगळ्या समुद्रात हाच आवाज आहे, अण्णा."

त्यांना आधी खरं वाटेना. माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतेय का ते तपासलं. मग डोळे मिटले. त्यांचे पाय पाण्यात आपोआप हलायला लागले, पोहताना हलतात तसे.

"परत एकदा," ते म्हणाले.

मी परत चावली. परत. भाकरी संपत आली तसं त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मी पिशवीतून टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाल टिपले, डोळे उघडून टॉवेलाचा ओला कोपरा नीट बघितला.

"चांगला हाय," म्हणाले. "टिपतो."

आणि कान पुन्हा माझ्याकडे केला. मी डब्यातली दुसरी भाकरी घेतली.